टक्के मागू नकोस, संकेत तपासायला शीक

प्रिय मित्रा,

विश्वात इतरत्र बुद्धिमान जीव असण्याची शक्यता किती टक्के, असं तू विचारलंस. खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांच्या १९६१च्या समीकरणात सात घटक आहेत; त्यांचा गुणाकार म्हणजे आपल्या आकाशगंगेतल्या, संकेत पाठवू शकणाऱ्या संस्कृतींची संख्या. ताऱ्यांच्या जन्माचा वेग आणि ग्रह असलेल्या ताऱ्यांचं प्रमाण आज बऱ्यापैकी कळलंय. जीवसृष्टी, बुद्धी आणि संस्कृतीचं आयुष्य यांसाठी मात्र नमुना एकच, पृथ्वी. ते आयुष्य शंभर वर्षं धरलं की दहा कोटी, यावर उत्तर दहा लाख पटींनी हलतं. वाद झकास रंगतो, हाती काही लागत नाही.

त्यापेक्षा रेडिओ दुर्बिणींनी परग्रहावरचे संकेत शोधणाऱ्या ‘ब्रेकथ्रू लिसन’ प्रकल्पाची निरीक्षणं उतरवून घे, ती मोफत आहेत, त्यांत संकेत हुडकणारी ‘टर्बोसेटी’ ही पायथॉन प्रणालीही. शोधायचा तो जेमतेम काही हर्ट्झ रुंदीचा संकेत, कारण निसर्गातले स्रोत इतके अरुंद नसतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो सरकतो: १४२० मेगाहर्ट्झला, विषुववृत्तावर, सेकंदाला जास्तीत जास्त ०.१६ हर्ट्झ. म्हणजे पाच मिनिटांत ४८ हर्ट्झ. वारंवारतेचे कप्पे २.८ हर्ट्झचे असतील तर संकेत सतरा कप्प्यांत विखुरतो आणि गोंगाटात बुडतो. म्हणून वेळ आणि वारंवारतेच्या आलेखावर संकेताच्या ताकदीची बेरीज तिरक्या रेषांवर करायची. अजिबात न सरकणारी रेषा दिसली, तर आधी जवळच्या एखाद्या यंत्रावर संशय घे.

मग पाच मिनिटं तारा, पाच मिनिटं बाजूचं आकाश, असं तीनदा. बाजूलाही संकेत दिसला तर तो आपलाच, पृथ्वीवरचा. नवखे फसतात ते इथेच: बाजूचा क्षीण संकेत ठरवलेल्या मर्यादेखाली गेला की प्रणाली ‘नाही’ म्हणते. आलेख डोळ्यांनी बघच.

२०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने प्रॉक्सिमा सेंटॉरी या सूर्याला सर्वात जवळच्या ताऱ्याकडे पाहताना ९८२ मेगाहर्ट्झला टिपलेला संकेत या चाळणीतून निसटला होता. पुढे तसेच सरकणारे संकेत इतर वारंवारतांवर, ठरावीक अंतरांनी, बाजूला पाहतानाही सापडले. २०२१ मध्ये निकाल लागला: पृथ्वीवरच्याच इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा हस्तक्षेप.

काही सापडलं नाही, तरी तो निष्कर्षच. फक्त अटींसकट लिही. अमेरिकेतल्या ग्रीन बँक दुर्बिणीने ६९२ जवळचे तारे १.१ ते १.९ गिगाहर्ट्झमध्ये तपासले. २०१७च्या त्या निबंधाचं म्हणणं असं, की ५० पार्सेकच्या (सुमारे १६३ प्रकाशवर्षांच्या) आतल्या ०.१ टक्क्याहून कमी ताऱ्यांपाशी या शोधात टिपता येतील अशा ताकदीचे प्रक्षेपक असतील. प्रक्षेपक दुसऱ्या पट्ट्यात असेल किंवा अधूनमधूनच चालू होत असेल, तर ही मर्यादा लागू नाही.