न आलेल्या रुग्णाचे बिल

प्रश्न : माझे मनोविकारांचे कन्सल्टिंग आहे. पहिली भेट पंचेचाळीस मिनिटांची, फी १,८०० रुपये. रोजच्या आठ वेळांपैकी दोन तरी न कळवता बुडतात. रिसेप्शनिस्ट म्हणते, अशांना बिल पाठवू. पाठवावे का?
– एक डॉक्टर, मुलुंड

उत्तर : मागाहून बिल पाठवू नका. ते सहसा वसूल होत नाही आणि रुग्ण मात्र तुटतो. शिवाय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार फी व इतर आकार फलकावर लावायचे आणि उपचाराआधी सांगायचे असतात. आधी न सांगितलेली रक्कम मागायला तुमच्याकडे आधारच नाही.

पैसे घ्यायचे तर वेळ देतानाच घ्या. पहिल्या भेटीसाठी ५०० रुपये यूपीआयने आगाऊ घ्यावेत आणि ते फीत वळते करावेत. २४ तास आधी कळवले तर परत किंवा पुढच्या तारखेला जमा. न कळवता आले नाहीत तर परत नाही. पूर्ण फी अडकवण्याच्या फंदात पडू नका. करार कायद्याचे कलम ७४ वाजवी भरपाईच मान्य करते, आणि तुम्ही तपासणी तर केलेलीच नसते. हा नियम फलकावर आणि बुकिंगच्या मेसेजमध्ये दोन ओळींत लिहा. रुग्णाचे ‘हो’ आल्यावर वेळ पक्की.

आठवण दोन दिवस आधी जायला हवी. पुष्कळ ठिकाणी ती आदल्या रात्री जाते. तोवर २४ तासांची मुदत उलटलेली असते, आणि नकार आला तरी ती वेळ दुसऱ्या कुणाला देता येत नाही. त्या दिवशी सकाळी दुसरा मेसेज. सोबत भांडुप-मुलुंड-ठाण्यातल्या, तासाभरात पोचू शकतील अशा तीन-चार रुग्णांची यादी रिसेप्शनवर ठेवा. खरे सांगायचे तर दंडापेक्षा ही यादीच जास्त कमाई वाचवते.

मेसेजमध्ये ‘मनोविकार’ हा शब्द नको, फक्त वेळ आणि पत्ता. फोन घरात कुणाच्याही हाती पडतो, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे.

तुमच्या शाखेत न येणे हेच कधीकधी लक्षण असते. नैराश्य बळावले की माणूस घराबाहेर पडत नाही. औषध नुकतेच बदललेले असेल किंवा आधीच्या भेटीत जिवाचे बरेवाईट करण्याचा विषय निघाला असेल, तर त्याच दिवशी तुम्ही स्वतः फोन करा. तिथे पैशांचा विषय काढायचाच नाही.

लोकल अचानक बंद पडली किंवा रेड अलर्ट असला तर रक्कम परत करा. रविवारचा मेगाब्लॉक आधी जाहीर होतो, ती सबब धरू नये.

पावतीवर ‘अपॉइंटमेंट रद्द आकार’ लिहा, ‘तपासणी फी’ कधीच नाही. ती पावती मेडिक्लेमला किंवा ऑफिसात लावली गेली आणि मागे केसपेपरच नसला, तर खोटी पावती दिल्याचे तुमच्यावर येईल. रक्कम उत्पन्नात दाखवा. जीएसटीचे म्हणाल, तर ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार रद्द आकाराला मूळ सेवेचाच दर लागतो, आणि डॉक्टरांची उपचारसेवा करमुक्त आहे.

आणि हा आकार थकला म्हणून कागदपत्रे अडवू नका. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत ती द्यावी लागतात.

प्रश्न : फिजिओथेरपीच्या दहा बैठकांचे पैसे आधी भरले. गाड्या बंद होत्या त्या दिवशी जाता आले नाही, तर एक बैठक कापली. चालते का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : आधी पावती आणि पॅकेज घेतानाचे मेसेज पाहा. न आल्यास बैठक जाईल असे तिथे कुठेच नसेल, तर कापता येत नाही. असेल, तर तुम्ही किती आधी कळवले यावर सारे ठरेल. म्हणून फोनवर सांगून न थांबता मेसेज करत जा. केंद्राला लेखी मागा : बैठक पुढे द्या किंवा तेवढे पैसे परत करा. पावतीच दिली नसेल तर २०१९ च्या ग्राहक कायद्याने तीही अनुचित प्रथा आहे. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोगाचा. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही. पण एका बैठकीसाठी तिथवर जाण्यापेक्षा हेल्पलाइनवरच मिटते का ते पाहावे.