सुई कुठे टोचायची ते शिकवते, टोचायचा परवाना मला नाही

"ताई, अमेरिकेत नेब्रास्का राज्यात बीफ उत्पादकांच्या प्रमाणपत्र कार्यक्रमावर नोकरी मिळतेय. बायको आणि सहा वर्षांची मुलगी सोबत असतील. येऊ का?" असं विचारलंस. व्हिसा, विमा, घरभाडं याचं तुला विद्यापीठाचं कार्यालय सांगेल, त्यात मी पडत नाही. पण तुझा प्रश्न वाचल्यापासून माझं डोकं भलतीकडेच धावतंय, म्हणून जरा लांबण लावते.

आधी काम. बीफ क्वालिटी अ‍ॅश्युरन्स, म्हणजे गोमांस चांगलं राहावं म्हणून जनावर कसं हाताळायचं याचं शिक्षण. इथे सगळे बीक्यूए म्हणतात. जनावर विकलं की डोक्यामागे एक डॉलर कापला जातो, त्या चेकऑफ निधीचा याला आधार. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, मग पुन्हा. ते ऑनलाइन फुकट मिळतं, त्यामुळे आमच्या वर्गाला हॉलमध्ये येतात ते एकतर खरंच शिकायला आलेले, नाहीतर कॉम्प्युटरचं नाव काढलं की वैतागणारे. या राज्यात माणसं साधारण २० लाख आणि गायीगुरं त्याच्या साधारण तिप्पट, तेव्हा ऐकणाऱ्यांचा तोटा नाही.

इंजेक्शन मानेत द्यायचं, खांद्याच्या पुढे. एका जागी १० सीसीहून जास्त नाही. सुई वाकली तर सरळ करून वापरायची नाही, टाकून द्यायची. जिवंत विषाणूची लस कालवली की तासाभरात संपवायची, आणि ती सिरिंज जंतुनाशकानं धुवायची नाही, नाहीतर लसच मरते. तुझा हात सवयीनं पुठ्ठ्याकडे, मागच्या मांडीवर, जाईल, माझाही जायचा. इथे पुठ्ठा म्हणजे चांगल्या भावाचं मांस. तिथे टोचलं की आत गाठ राहते आणि भोवतीचं मांस निबर होतं. १९९१ मध्ये देशभरातली पहिली गुणवत्ता पाहणी झाली, तेव्हा या गाठींचा बराच बोभाटा झाला होता. स्लाइडनं कुणी हलत नाही. गाठ आलेला तुकडा मधोमध कापून टेबलावर ठेवला की मागच्या रांगेतले टोपीवाले आजोबा उठून पुढे येतात, बोटानं दाबून बघतात आणि "माझ्या बापानं पुठ्ठ्यातच दिलं सगळं" असं पुटपुटत परत जाऊन बसतात. असा माणूस वसंतात वासरांना मानेत टोचताना दिसला की फार बरं वाटतं, हे मात्र खरं.

आता जे खुपतं ते. ११ जून २०२३ पासून माणसांच्या उपचारात महत्त्वाची असलेली अँटिबायोटिक्स जनावरांसाठीही चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. आधी दुकानात सहज मिळणारं ऑक्सिटेट्रासायक्लिनचं इंजेक्शनसुद्धा. त्या वर्षी प्रत्येक हॉलमध्ये कुणी ना कुणी म्हणायचं, "तू डॉक्टर आहेस ना, लिहून दे की." मी हसून सांगायची, तुमच्या गावच्या डॉक्टरांना विचारा. कारण मी लिहूच शकत नाही. आपली बी.व्ही.एस्सी. इथे तशी चालत नाही. ईसीएफव्हीजी, म्हणजे परदेशी पशुवैद्यांची पदवी तपासणारा कार्यक्रम, त्याच्या पायऱ्या, प्रत्यक्ष जनावरांवरची परीक्षा, वर राज्याचा परवाना, आणि खर्च हजारो डॉलरचा. माझं घोडं पहिल्या पायरीवरच अडलं. माझी पदवी एका विद्यापीठाची, आणि महाविद्यालय नंतर दुसऱ्याकडे गेलेलं. सीलबंद गुणपत्रिका कुणी पाठवायची यावर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत बसले. भाऊ खेटे घालून थकला. तोवर मुलगी शाळेत, मी कामात, आणि फाईल कपाटात. अजून तिथेच आहे. दर तीन वर्षांनी शेकडो लोकांची प्रमाणपत्रं नवी करते आणि माझं स्वतःचं तेवढं राहिलंय. तुझी कागदपत्रं निघण्याआधीच पाठवायला लाव, तू स्वतः खिडकीसमोर उभा असताना.

घरच्यांचंही बोलून ये. आमच्याकडे देवणीची जोडी होती, पोळ्याला बैलांनी पुरणपोळी खाल्ल्याशिवाय वडील ताटावर बसत नसत. आई नातेवाइकांना सांगते, "ती जनावरांच्या औषधांचं शिकवते." खोटं काही नाही त्यात. पुढचं तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. फोनवर मी नेमका तोच विषय टाळते हे तिला कळत नसेल असं नाही.

मुलीच्या शाळेत पहिल्याच दिवशी एक फॉर्म येईल, घरात कोणती भाषा बोलता. मी अभिमानानं मराठी लिहिलं. मुलगी नागपूरच्या इंग्रजी शाळेत दोन वर्षं शिकलेली, पण नव्या जागी बुजली, त्या फॉर्ममुळे घेतलेल्या इंग्रजीच्या चाचणीत तोंडच उघडलं नाही. मग वर्षभर गणिताच्या तासाला तिला बाहेर काढून चित्रं दाखवून रंगांची नावं म्हणायला लावत होते. मी भेटले, पत्रं लिहिली, गोड हसून बोळवण झाली. आज ती माझं इंग्रजी सुधारते, पण गणित म्हटलं की अजून कपाळाला आठ्या. मला हे विसरता येत नाही. तू मराठीच लिही, पण चाचणीचा दिवस आधी विचारून घे आणि निकाल लेखी माग.

एकटेपणाचं विचारलं होतंस. असतो. मोठा फ्रीजर घे, ओमाहा शहरात जाशील तेव्हा कढीपत्ता भरून आण.

आणि ऑफर लेटरवर सही करण्याआधी एक पक्कं कर: गावोगावी जायला गाडी विद्यापीठाची की तुझी? माझी दोन वर्षं स्वतःच्या गाडीत गेली, आणि फेब्रुवारीत सँडहिल्सच्या विरळ वस्तीच्या वाळूच्या टेकड्यांत टायर बदलायला तुला कुणी मैलोन् मैल भेटणार नाही.