अवकाशकथेतला वसुलीचा रोबो : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

अवकाशकथा लिहिणाऱ्या वाचकांच्या पत्रांत एक पात्र वरचेवर येतं : तस्करांच्या टोळीने बाळगलेला धिप्पाड रोबो. थकलेली रक्कम वसूल करायची, दम भरायचा, वेळ आली तर हातपाय मोडायचे, ही त्याची कामं. त्याच्याबद्दलची चार पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या कथेत १५० किलोचा रोबो अंतराळस्थानकाच्या बाहेरून सलग आठ तास एका कर्जदाराचा पाठलाग करतो. बाहेर कडाक्याची थंडी असते, म्हणजे तो तापणार नाही, हे गृहीत धरलं तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार, आणि हे गृहीतक सोडलंत तर कथेचा फायदाच आहे. निर्वातात उष्णता वाहून न्यायला हवा नसते. अंगातली ऊब फक्त प्रारणाने, म्हणजे अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर पडते, आणि ही वाट अरुंद आहे. रोबोचा पृष्ठभाग २ चौरस मीटर धरा, रंग काळा आणि खरबरीत. २७ अंश सेल्सिअसला तो साधारण ८०० वॅट बाहेर टाकेल, ७७ अंशांना सुमारे १,५००. प्रत्यक्षात याहून कमीच, कारण हात, पाय आणि धड एकमेकांकडेही उष्णता फेकत राहतात. शिवाय पृथ्वीइतक्या अंतरावर सूर्यासमोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,३६० वॅट येऊन पडतात, ते वेगळेच.

आता पाठलागात मोटरी आणि संगणक मिळून ३ किलोवॅट खातात असं समजू. सावलीतसुद्धा २ किलोवॅटच्या आसपास उष्णता अंगातच साठते. सगळं शरीर ॲल्युमिनियमचं धरलं तर सुरुवातीला दर ६५-७० सेकंदांना तापमान एका अंशाने चढेल. लिथियम बॅटऱ्यांना ६० अंशांपुढे धोका असतो. म्हणजे तासाभराच्या आतच त्याला थांबावं लागणार, आणि थांबायचं तेही सावलीत.

थांबायचं नसेल तर पाठीवर पाण्याची टाकी द्या. अपोलोच्या स्पेससूटमध्ये पाण्याचा बर्फ करून त्याची थेट वाफ होऊ देत आणि त्यातून गारवा मिळवत. २ किलोवॅट उष्णता घालवायला तासाला जेमतेम ३ किलो पाणी लागेल. टाकी संपली की पाठलाग संपला. बॅटरीचंही तसंच : आजच्या चांगल्या लिथियम सेलमध्ये किलोमागे सुमारे २५० वॅट-तास मावतात, म्हणून ३ किलोवॅटने आठ तास पळायला नुसते सेलच जवळजवळ १०० किलोचे होतात. १५० किलोच्या रोबोत ते बसवणार कुठे? त्यापेक्षा तुमच्या कर्जदाराला त्याचे थांबे मोजू द्या. अवरक्त कॅमेऱ्यात तो रोबो गार भिंतीवर निखाऱ्यासारखा दिसेल, आणि कधी दमला आहे तेही कळेल.

प्रश्न : त्याला चुंबकी पाय दिले तर?

उत्तर : आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा सांगाडा मुख्यत्वे ॲल्युमिनियमचा आहे. त्याला चुंबक चिकटत नाही. नासाने २०११ मध्ये तिथे रोबोनॉट-२ पाठवला आणि २०१४ मध्ये त्याला पाय दिले, तेव्हा पावलांच्या जागी कठडे पकडणारे चिमटे होते. तुमच्या रोबोलाही तेच द्या, म्हणजे मारामारी खरी वाटेल. स्पेससूटसह माणूस सहज २०० किलोच्या घरात जातो. १५० किलोच्या रोबोने काहीही न धरता त्याला ढकललं आणि माणूस सेकंदाला दीड मीटरने गेला, तर रोबो २ मीटरने उलट दिशेला जाईल. त्यामुळे ठोसा मारण्याआधी त्याचा एक पाय कठड्यावर आवळलेला हवा. निर्वातात आवाज नाही, पण त्या वेळी माणसाचा हात त्याच कठड्यावर असेल तर चिमटा बसल्याचा धक्का तळहाताला जाणवेल. हा क्षण लिहायला विसरू नका.

प्रश्न : जुनाट, चोरीच्या भागांनी जोडलेला रोबो दाखवायचा आहे. आधी काय बिघडेल?

उत्तर : सांधे. साधं वंगण निर्वातात उडून जातं, मग धातूवर धातू घासून पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात. म्हणून मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा कोरडा थर देतात. गंमत अशी की हा थर निर्वातात उत्तम टिकतो, पण दमट हवेत लवकर झिजतो. टोळीने आपला रोबो स्थानकाच्या आतल्या दमट हवेत महिनोन्‌महिने दारावर पहाऱ्याला फिरवला असेल, तर बाहेर गेल्यावर त्याचा खांदा अडकणं अगदी स्वाभाविक आहे. गॅलिलिओ यानाचा मोठा अँटेना १९९१ मध्ये पूर्ण उघडला नाही. त्याच्या पिनांवरचा असाच कोरडा थर उड्डाणाआधी ट्रकमधून झालेल्या प्रवासात झिजला असावा, असा तपासाचा निष्कर्ष होता.

खांदा अडकला की रोबो लगेच पडत नाही. आधी हात धक्के देत हलतो, मोटर जास्त वीज ओढते, मग ती तापते आणि संरक्षक यंत्रणा तिला बंद करते. हा क्रम पाळा. आणि टोळीला शहाणपण असेल तर तिच्याकडे एकाच मॉडेलचे तीन-चार रोबो असतील, त्यातला एक फक्त सुटे भाग काढायला.

प्रश्न : टोळीचा म्होरक्या पृथ्वीवर बसून चंद्रावरचा रोबो चालवू शकतो का?

उत्तर : हुकूम देऊ शकतो, मारामारी करू शकत नाही. संदेश जायला १.३ सेकंद लागतात, चित्र परत यायला तेवढेच. मंगळावर तर एका बाजूलाच ३ ते २२ मिनिटं. कुणाला किती मारायचं हे तिथल्या तिथे रोबोलाच ठरवावं लागतं, आणि म्होरक्याला ते कळतं तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं.