रात्री तीनच्या गजराचे कारण

“मुलगा रात्री तीनला गजर लावून उठतो, संगणकावर काहीतरी विकतो-घेतो आणि परत झोपतो. हा जुगार समजायचा की व्यसन?” अकरावीतल्या एका मुलाच्या आईवडिलांचा हा प्रश्न थोड्याफार फरकाने अनेक पालक विचारतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ हा ऑनलाइन खेळ खेळत होता. किती तास खेळतोस, हे न विचारता काय विकतोस, असे विचारल्यावर तो मोकळेपणाने बोलू लागला. या खेळात ‘ग्रँड एक्स्चेंज’ नावाची बाजारपेठ आहे. तेथे स्वस्तात घेतलेला माल चढ्या भावाने विकण्याला खेळाडू ‘फ्लिपिंग’ म्हणतात, मात्र प्रत्येक वस्तू चार तासांत ठरावीक मर्यादेपर्यंतच खरेदी करता येते. अकराच्या सुमारास खरेदी केली की पुढची खरेदी तीनला, एवढाच त्या गजराचा अर्थ होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’ या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’च्या निदानासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ महत्त्वाचा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे ही लक्षणे पाहिली जातात, आणि ती साधारणपणे १२ महिने टिकलेली असावी लागतात. या मुलाचे कॉलेज आणि मित्र सुटलेले नव्हते, आणि खेळातल्या नाण्यांत त्याने एकही रुपया घातलेला नसल्यामुळे जुगाराचाही प्रश्न नव्हता. बिघडली होती ती झोप, आणि ती मी किरकोळ मानत नाही. बाजारात टाकलेली मागणी खेळाडू बाहेर पडल्यावरही चालू राहते, हे त्याला माझ्याहून चांगले ठाऊक होते. तेव्हा सावकाश खपणाऱ्या मालाची मागणी रात्री टाकून झोपायचे, हा तोडगा त्यानेच सुचवला.

खेळ काढून टाकावा, असे वडिलांचे मत होते. मी त्याला विरोध केला, कारण त्याच्या ‘क्लॅन’मधले, म्हणजे खेळातल्या गटातले, युरोपातले सोबती त्याला सांभाळून घेत होते आणि दहावीनंतर शहर बदललेल्या या मुलाला तो आधार होता. गटाच्या मोहिमा मात्र त्यांच्या संध्याकाळी, म्हणजे आपल्या मध्यरात्री होत. मोहिमेतून उठणे त्याला दगा दिल्यासारखे वाटे. शनिवारखेरीज येणार नाही, असे त्याने गटाला कळवले, तेव्हा कोणीही रागावले नाही.

खरी काळजी वेगळीच निघाली. एका अनोळखी खेळाडूने त्याची नाणी यूपीआयने विकत घेण्याची तयारी दाखवली होती आणि ‘खात्री’साठी पासवर्ड मागितला होता. खऱ्या पैशांत नाणी विकणे या खेळाच्या नियमांत बसत नाही, त्यामुळे खाते कायमचे बंद होऊ शकते. पासवर्ड दिला तर ते दुसऱ्याच्याच हाती जाते. मुलाने हे घरी लपवले होते ते संगणक काढून घेतील या भीतीने. म्हणून शेवटच्या भेटीत करार दोन्ही बाजूंनी झाला: रुपये, पासवर्ड किंवा ओटीपी मागणारा प्रत्येक संदेश तो बाबांना दाखवील, आणि संदेश दाखवला म्हणून खेळ बंद केला जाणार नाही.