जमीन न विकता खासगी जंगल कायमचं राखता येतं का?

हो, अमेरिकेत येतं. तिथे ‘कॉन्झर्व्हेशन ईझमेंट’ करतात. जमीन मालकाकडेच राहते. प्लॉट पाडायचा, बांधकाम करायचा हक्क तेवढा तो लँड ट्रस्टला, म्हणजे जमीन राखणाऱ्या ना-नफा संस्थेला, विकतो किंवा दान देतो. अट दस्तात नोंदलेली असल्याने पुढच्या प्रत्येक मालकावर बंधनकारक. २००१ मध्ये पिंग्री कुटुंबाने मेन राज्यातलं आपलं साडेसात लाख एकरांहून जास्त जंगल अशा अटीत बांधून दिलं. लाकूडतोड चालू आहे, पण बंगल्यांचे प्लॉट पडणार नाहीत. ट्रस्टने नियमित पाहणी मात्र करायलाच हवी.

कोकणातलंही बरंच जंगल खासगीच, आणि सरपणासाठी ठेकेदाराला दिलं जातं. संगमेश्वरात एईआरएफ (अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन) ही पुण्याची संस्था मालकांना मोबदला देऊन राखणीचे करार करते. ते ठरावीक मुदतीचे असतात, हे मला फार खटकतं.