कोणी नसताना दिवा लागतोय? आधी सेन्सरचा पुरवठा बघा

तुम्ही ऐरोलीच्या सोसायटीत जिन्यातल्या दिव्यासाठी एचसी-एसआर501 हा पीआयआर सेन्सर (शरीराच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा) लावलाय, नोडएमसीयू या वायफायच्या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या 3.3 व्होल्टच्या पिनवरून त्याला पुरवठा दिलाय, आणि जिन्यात चिटपाखरू नसताना दिवा लागतोय. तीनदा कोड बदलला म्हणता. आता कोडला हात लावू नका. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये मीही असंच जोडलं होतं आणि चार संध्याकाळी कोडमध्ये चूक शोधत बसलो होतो. चुकली होती ती एक वायर.

या सेन्सरला पाच व्होल्ट लागतात. त्याच्या बोर्डावर व्होल्टेज स्थिर ठेवणारा स्वतःचा छोटा रेग्युलेटर असतो, तो पाचाचे 3.3 करून आतल्या चिपला देतो. त्यालाच 3.3 दिले की त्याला काम करायला जागाच उरत नाही, वरून जे येईल ते तसंच पुढे जातं. नोडएमसीयूवरचा ईएसपी8266 हा मुख्य चिप वायफायवर काही पाठवतो तेव्हा क्षणभर तीनशे मिलीअँपिअरच्या आसपास करंट ओढतो आणि पुरवठा हलतो. सेन्सरच्या डोळ्याकडून येणारा सिग्नल इतका बारीक असतो की आतली चिप तो हजारो पटींनी वाढवते. पुरवठ्यातला हा धक्काही मग तिला समोरून माणूस गेल्यासारखाच दिसतो.

म्हणून सेन्सरच्या व्हीसीसीची, म्हणजे पुरवठ्याची, वायर 3.3 च्या पिनवरून काढा आणि नोडएमसीयूच्या व्हीआयएन पिनवर लावा, तिथे यूएसबीचे पाच व्होल्ट मिळतात. तुमचा बोर्ड लोलिन बनावटीचा, रुंद असेल तर ते व्हीयू नावाच्या पिनवर मिळतात. सेन्सरची इशारा देणारी आऊट पिन 3.3 व्होल्टच देते, त्यामुळे ती बोर्डाला थेट जोडायला हरकत नाही. ती डी5 वर घ्या. डी3, डी4 आणि डी8 टाळा, बोर्ड सुरू होताना त्या पिनांची पातळी बघितली जाते. वायर हलवण्याआधी सेन्सरचा पांढरा घुमट हलक्या हाताने ओढून काढा, पिनांची नावं बहुतेक वेळा त्याच्याखाली छापलेली असतात. वेगवेगळ्या बनावटीत पिनांचा क्रम बदलतो, चित्र बघून जोडू नका. घुमटाखालच्या उघड्या डोळ्याच्या खिडकीला मात्र बोट लावू नका.

एवढं करूनही दिवा लागत राहिला तर कोडमध्ये वायफाय बंद करून अर्धा तास बघा. खोटे इशारे थांबले, तर अँटेनाच्या लहरी सेन्सरमध्ये शिरतायत. सेन्सर बोर्डाला चिकटून न ठेवता हातभर वायरने लांब न्या आणि सेन्सरच्या व्हीसीसी आणि जीएनडी (ग्राउंड) या पिनांमध्ये 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, तो पुरवठ्यातले धक्के शोषतो. माझ्याकडे या दोन गोष्टींनी काम झालं.

चालू केल्यावर पहिला मिनिटभर सेन्सर स्थिरावत असतो, तेव्हाचे इशारे मोजू नका. सेन्सरवरचा, इशारा किती वेळ टिकावा ते ठरवणारा स्क्रू किमान ठेवा, म्हणजे साधारण तीन सेकंद. दिवा किती वेळ ठेवायचा ते कोडमध्ये ठरवा, पाच मिनिटांच्या सेटिंगवर चाचणी घेताना काहीच कळत नाही. सेन्सरवरचा जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) एचवर हवा, म्हणजे माणूस हलत असेपर्यंत आऊटपुट टिकतं.

जागेबद्दल आवर्जून सांगतो, कारण याकडे कोणी बघत नाही. हा सेन्सर उष्णतेतला फरक सरकताना बघतो. त्यामुळे समोरून आडवं जाणारं माणूस लगेच पकडतो, सरळ त्याच्याकडे चालत येणारं उशिरा. जिन्यात तो पायऱ्यांच्या टोकाला समोर न लावता बाजूच्या भिंतीवर लावा. आपल्याकडे मे महिन्यात भिंतीच अंगाइतक्या तापतात, तेव्हा त्याचा पल्ला कमी होतो. सेन्सर बिघडला असं समजू नका. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर पाणी आत येतं म्हणून डबीत ठेवाल, पण घुमटासमोर काच किंवा ॲक्रिलिक लावू नका. शरीराची उष्णता त्यातून येत नाही. घुमट बाहेर काढायला डबीला भोक पाडा. दिवाही त्याच्या नजरेत नको, तापलेला दिवा विझताना तोच इशारा ठरू शकतो.

दिवा चालू-बंद करणाऱ्या रिलेच्या 230 व्होल्टच्या बाजूचं काम सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आणि तोपर्यंत टेबलावर एक एलईडी लावून रात्रभर चाचणी घ्या. सीरियल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश दाखवणारी संगणकावरची खिडकी) प्रत्येक इशाऱ्याची वेळ छापली, तर तो ठरावीक अंतराने येतोय की कधीही, ते सकाळी दिसेल. ठरावीक अंतराने येत असेल तर ते अंतर इथे लिहा. बोर्ड वायफायवर किती वेळाने बोलतो, त्याच्याशी ते ताडून बघू.