परदेशातल्या बर्गरचे भाव ताडताना

भाऊ, देशोदेशीच्या बर्गरचे भाव अन् चव ताडून बघायची तुझी हौस चांगली आहे, लाग कामाला. फक्त परदेशातला भाव रुपयांत करून ‘बाप्पा, किती महाग!’ म्हणू नकोस. नवखे इथंच फसतात. तिथला माणूस किती वेळ राबून तो बर्गर घेतो, ते बघ. स्वित्झर्लंडचे भाव डोळे पांढरे करतात, पण पगारही तसेच आहेत.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- एकच पदार्थ धर, कॉम्बो नको. ‘द इकॉनॉमिस्ट’ हे ब्रिटिश साप्ताहिक १९८६पासून मॅकडोनाल्ड्सच्या बिग मॅक या बीफ बर्गरच्या भावावरून देशोदेशीची चलनं तोलतं, कोणतं महाग, कोणतं स्वस्त. पण आपल्याकडच्या मॅकडोनाल्ड्समध्ये बीफ नाही म्हणून चिकनचा महाराजा मॅक धरावा लागला. तुलना तिथंच जरा लंगडी होते.
- कर बघ. अमेरिकेत बोर्डावरच्या भावात विक्रीकर नसतो, बिलात चढतो. युरोपात भाव करासकट. जर्मनीत तर केचपच्या पुडीचेही बरेचदा वेगळे पैसे.
- भाव काउंटरचा घे, ॲपचा नको.

चवीला गुण देताना आपल्या नागपूरच्या बर्डीवरचे तर्री पोहे मध्ये आणू नकोस, सगळेच नापास होतील! फ्राइज गरम असताना आणि दहा मिनिटांनी, दोन्हीदा खाऊन बघ. क्रयशक्तीचं, म्हणजे तिथल्या पैशात तिथं किती माल येतो याचं, गणित नंतर.